केल्टिक गाठ: रेषेचे वय आणि तिचा अर्थ

प्रश्न विचारणाऱ्या बाई पुण्याच्या आहेत. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त डब्लिनला स्थायिक झाला असून तिथल्याच मुलीशी त्याचे लग्न ठरले आहे. दोघांसाठी केल्टिक गाठीच्या, म्हणजे एकमेकींच्या वरून-खालून जाणाऱ्या रेषांच्या, नक्षीच्या अंगठ्या आणि सुनेसाठी तशीच कर्णफुले करून घ्यावीत, असा त्यांचा विचार आहे. एका दुकानातून आलेल्या कार्डावर ही अडीच हजार वर्षांपूर्वीची चिन्हे असून प्रत्येक गाठीला ठरलेला अर्थ आहे, असे छापलेले आहे. हे कितपत खरे, कोणत्या गाठीचा अर्थ काय आणि चांगले काम ओळखायचे कसे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी सोन्याचांदीचे तारकाम गेली सत्तावीस वर्षे करतो आणि त्यातली बरीच वर्षे याच विणीवर गेली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

अडीच हजार वर्षांपूर्वी मध्य आणि पश्चिम युरोपात राहणाऱ्या केल्ट लोकांचे दागिने खरे आहेत आणि केल्टिक गाठही खरी आहे. परंतु या दोन गोष्टी एका काळातल्या नाहीत. त्यांच्यामध्ये हजार वर्षांहून अधिक अंतर आहे आणि कार्डावरच्या मजकुराचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

प्राचीन केल्टिक कला म्हणून अभ्यासक जिचे नाव घेतात ती शैली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल सरोवराच्या काठच्या ‘ला तेन’ या ठिकाणावरून ओळखली जाते. तिथले अवशेष १८५७ साली पाणी ओसरल्यावर उघडे पडले. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यापासून रोमनांनी तो प्रदेश जिंकेपर्यंत ही शैली मध्य आणि पश्चिम युरोपात बहरली. तिच्या नक्षीत वळत जाणाऱ्या वेली आहेत, कमळासारखी आणि ताडपत्रासारखी पाने आहेत, भोवरे आहेत, तीन पायांचे फिरते चिन्ह आहे, वेलीतून मध्येच डोकावणारे चेहरे आहेत. नाही ती फक्त गाठ. एक पट्टी दुसरीच्या वरून जाते, मग तिसरीच्या खालून जाते आणि शेवटी आपल्याच सुरुवातीला येऊन मिळते, अशी बंद विणीची नक्षी त्या काळच्या कारागिराने आपल्या शैलीचा पाया म्हणून वापरलेली दिसत नाही.

त्या काळचा खरा मानाचा दागिना होता टॉर्क, म्हणजे गळ्यात घालायची जाड, पुढून उघडी कडी. आपल्याकडची सरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो लगेच समजेल. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात स्नेटिशॅम येथे १९५० साली शेत नांगरताना सापडलेला थोर टॉर्क ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याचे वजन एक किलोहून किंचित जास्त आहे आणि धातू सोने-चांदीचा मिश्र आहे. सुमारे १.९ मिलिमीटर जाडीच्या चौसष्ट तारा घेऊन, आठ-आठ तारांना पीळ देऊन आठ दोर केले आहेत आणि ते आठ दोर पुन्हा एकमेकांभोवती पिळले आहेत. दोन्ही टोकांची पोकळ कडी मेणाच्या साच्यातून ओतून या पिळाला जोडलेली आहेत. पीळ देताना एखादी तार ताणली जाऊन तुटली, तर शेजारच्या सगळ्या तारांचा तोल जातो, हे गोफ वळणाऱ्या कोणत्याही सोनाराला ठाऊक असते. इथे तर चौसष्ट तारा आहेत आणि त्यांचा पीळ शेवटपर्यंत सारखा आहे. माझ्या मते संपूर्ण युरोपात या तोडीचे पिळाचे काम विरळा. पण पीळ म्हणजे गाठ नव्हे. पिळाला टोके असतात.

टॉर्कच्या अर्थाविषयी आपल्याकडे साक्षीदार आहेत, हे मुद्दाम सांगतो. रोममधील कॅपिटोलाइन संग्रहालयात मरणासन्न गॉल, म्हणजे केल्टिक, योद्ध्याचा संगमरवरी पुतळा आहे. त्याच्या अंगावर वस्त्र नाही, पण गळ्यात टॉर्क आहे. रोमनांविरुद्ध उठलेल्या बुडिका राणीच्या गळ्यात पीळदार सोन्याचा मोठा अलंकार होता, असे कॅसियस डिओ या इतिहासकाराने लिहिले आहे. डेन्मार्कमधील गुंडेस्ट्रूप येथे १८९१ साली सापडलेल्या चांदीच्या कढईवर शिंगे असलेला एक देवतुल्य पुरुष मांडी घालून बसला आहे. त्याच्या गळ्यात एक टॉर्क आहे आणि हातात दुसरा. पराक्रम, राजपद, देवत्व असे अर्थ त्या कडीला होते, असे या पुराव्यांवरून खात्रीने म्हणता येते. गाठीच्या बाबतीत असा एकही साक्षीदार आपल्याजवळ नाही.

मग गाठ आली कुठून? रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळात घरांच्या जमिनीवरील मोझेइकमध्ये वेणीच्या किनारी सर्रास असत. पूर्वेकडे इजिप्तमधील ख्रिस्ती कारागीर विणीची नक्षी वापरत होते. उत्तरेकडच्या जर्मानिक टोळ्यांच्या सोनारांनी तर प्राण्यांची शरीरे ताणून, फितीसारखी करून एकमेकांत गुंतवली होती. १९३९ साली इंग्लंडमधील सटन हू येथील दफनात जे सोन्याचे बक्कल सापडले, त्याचे वजन ४१२.७ ग्रॅम असून त्यावर तेरा प्राणी एकमेकांत विणलेले आहेत. हे काम सातव्या शतकाच्या सुरुवातीचे आणि अँग्लो-सॅक्सन सोनारांचे आहे, केल्टिक नव्हे. दुसऱ्या बाजूला आयर्लंडचे भिक्षू समुद्र ओलांडून मठ स्थापन करत होते. कोलम किले यांनी ५६३ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आयोना बेटावर मठ स्थापला, आणि तिथल्याच एडन या भिक्षूने ६३५ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लिंडिसफार्नचा. या मठांमध्ये आयरिश भोवरे, सॅक्सन प्राणी आणि भूमध्य समुद्राकडची वेणी हे सगळे एका कागदावर, खरे तर एका चामड्यावर आले. बायबलमधील शुभवर्तमानांच्या तिथल्या चित्रित पोथ्यांपैकी डरोची पोथी सातव्या शतकाच्या उत्तरार्धातली, लिंडिसफार्नची इ.स. ७०० च्या आसपासची आणि केल्सची इ.स. ८०० च्या सुमाराची. आज आपण जिला केल्टिक गाठ म्हणतो ती या मठांमध्ये आणि त्यांच्या आश्रयाने काम करणाऱ्या सोनारांच्या शेगडीवर घडली. म्हणून अभ्यासक या कलेला केल्टिक म्हणण्याऐवजी ‘द्वीपीय’ म्हणणे पसंत करतात आणि मला ते योग्य वाटते. आयर्लंड आणि ब्रिटनच्या जुन्या भाषांना एका कुळात बसवून त्यांना केल्टिक हे नाव देण्याची रीत तर एडवर्ड लूइड यांच्या १७०७ सालच्या संशोधनानंतर रुळली.

एकच वस्तू जवळून पाहायची असेल, तर टारा ब्रूच, म्हणजे वस्त्र अडकवायची कडीच्या आकाराची शोभेची पिन, पाहावी. डब्लिनला मुलाकडे जाल तेव्हा आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात ती पाहिल्याशिवाय परत येऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मीथ परगण्यातील बेटीस्टाउनच्या किनाऱ्याजवळ ती १८५० साली मिळाली. टारा या राजांच्या टेकडीशी तिचा काही संबंध नाही. ती विकत घेणाऱ्या जॉर्ज वॉटरहाउस या जवाहिऱ्याने विक्रीच्या दृष्टीने ते भारदस्त नाव दिले. ती इ.स. ७०० च्या आगेमागे घडलेली आहे. कडीचा व्यास जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तळहातात मावेल एवढाच आहे. चांदीचे ओतकाम करून त्यावर सोन्याचा मुलामा दिला आहे आणि लहान लहान कप्पे पाडून त्यांत सोन्याचे तारकाम, अंबर आणि रंगीत काच बसवली आहे. आपल्याकडचे जाळीदार तारकाम पलीकडचे दिसेल असे मोकळे असते. इथे मात्र सोन्याच्या पातळ पत्र्यावर तारा बसवलेल्या आहेत. त्याही साध्या गोल तारा नव्हेत. तारेच्या पाठीवर खाचा पाडून ती मण्यांच्या सरीसारखी केलेली आहे, आणि अशी तार वळवून सर्प व चतुष्पाद प्राणी घडवले आहेत. मण्यांच्या तारेला टाकणखार लावून डाख देताना उष्णता जरा जास्त झाली की मणी वितळून सपाट होतात. माझ्या शेगडीवर आज गॅसची बारीक ज्योत आहे, डोळ्यांवर दहापट मोठे दाखवणारे भिंग आहे, तरीही त्या मापाचा एक कप्पा सलग भरताना माझा पूर्ण आठवडा जातो. त्या कारागिराजवळ फुंकणी होती आणि खिडकीतून येणारा उजेड.

ब्रूच उलटी करून पाहिली की आणखी एक गोष्ट दिसते. पुढच्या बाजूला नवी विणीची नक्षी आहे, तर मागच्या बाजूच्या पट्ट्यांवर ला तेन काळापासून चालत आलेले भोवरे आणि तीन पायांची चिन्हे आहेत. घालणाऱ्याच्या छातीला टेकणाऱ्या, कोणालाही न दिसणाऱ्या बाजूवर कारागिराने आपली हजार वर्षांची जुनी शैली तितक्याच निगुतीने जपली. परंपरा म्हणजे काय, हे मला कोणी विचारले तर मी या ब्रूचची पाठ दाखवतो.

तिला चांदीच्या तारेची विणलेली साखळीही आहे. अशा विणलेल्या साखळीला इंग्रजी पुरातत्त्वाच्या लिखाणात ‘त्रिचनापल्ली’ साखळी म्हणण्याची प्रथा होती, कारण एकोणिसाव्या शतकात तामिळनाडूतील तिरुचिरापल्लीच्या सोनारांच्या तशाच साखळ्या विलायतेत प्रसिद्ध होत्या. कॉर्नवॉलमधील ट्रेव्हिडल येथे १७७४ साली सापडलेल्या नवव्या शतकातील चांदीच्या चाबकाचे वर्णनही याच नावाने केलेले आढळते. आपल्या सोनाराच्या वीणकामाचे नाव असे परक्या जमिनीतल्या वस्तूला चिकटले, याचा मला फार आनंद वाटतो.

आता अर्थाकडे वळतो. गाठींचे अर्थ सांगणारा, त्या काळच्या भिक्षूंनी वा कारागिरांनी लिहून ठेवलेला कोणताही कोश आपल्यापर्यंत आलेला नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात वेल्सचा जेराल्ड नावाचा धर्मगुरू आयर्लंडमध्ये आला होता. किल्डेअर येथे त्याने शुभवर्तमानाची एक चित्रित पोथी पाहिली आणि तिच्यातील नाजूक, दाट, गाठींनी भरलेल्या नक्षीचे वर्णन करून, हे माणसाचे नव्हे तर देवदूताचे काम वाटते असे लिहिले. तो स्वतः धर्मगुरू होता, लॅटिनचा पंडित होता. या गाठीचा अर्थ अमुक, त्या गाठीचा तमुक, अशी समजूत त्याच्या काळी प्रचलित असती तर ती त्याच्या कानावर आली असती. तो केवळ कौशल्याने थक्क झाला. स्कॉटलंडमधील हंटर्स्टन ब्रूचवर अक्षरे आहेत, पण ती नंतरच्या काळात, स्कँडिनेव्हियन रुनी लिपीत कोरलेली आहेत आणि ‘ही ब्रूच मेलब्रिग्दाची’ एवढेच सांगतात. मेलब्रिग्दा म्हणजे ब्रिगिड या संतिणीचा भक्त. नाव गेलिक, लिपी व्हायकिंगांची. त्या माणसाविषयी आपल्याला एवढेच कळते की त्याला ही वस्तू आपली म्हणावीशी वाटली.

कार्डावरची नावे एकेक करून पाहिली, तर ‘ट्रिक्वेट्रा’ म्हणजे लॅटिनमध्ये तीन कोपऱ्यांची. ही तीन पाकळ्यांची गाठ केल्सच्या पोथीत आहे, तशीच ती स्वीडनच्या उप्लांड भागातील रुनी शिलालेखांवरही आहे, त्यामुळे ती एकट्या केल्टांची म्हणता येत नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा तिचा ख्रिस्ती अर्थ आज सर्वत्र मानला जातो आणि चर्चच्या सजावटीत ती त्याच अर्थाने येते. मठातल्या भिक्षूच्या मनात तो अर्थ असेलही, पण तो त्याने सांगितलेला नाही. एकोणिसाव्या शतकात केल्टिक कलेचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा हा अर्थ घट्ट झाला. ‘प्रेमगाठ’, ‘ढालगाठ’, ‘दारा गाठ’ ही नावे तर अगदी अलीकडच्या बाजारातली आहेत. तीन भोवऱ्यांचे जे चिन्ह केल्टिक म्हणून पदकांवर येते, त्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना न्यूग्रेंजच्या दगडी कबरीत आहे आणि ती कबर इ.स.पू. ३२०० च्या सुमाराची, म्हणजे आयर्लंडमध्ये केल्टिक भाषा येण्याच्या कितीतरी आधीची आहे. दोन हात, हृदय आणि मुकुट असलेली क्लाडा अंगठी आयर्लंडमधील गॉलवे शहराची. रिचर्ड जॉइस या सोनाराच्या खुणेच्या इ.स. १७०० च्या सुमाराच्या अंगठ्या आजही टिकून आहेत. तिचा अर्थ स्पष्ट आहे, पण तिच्यात गाठ नाही.

मग हे ‘प्राचीन अर्थ’ आले कोठून, हेही सांगायला हवे. टारा ब्रूच सापडल्यावर वॉटरहाउस यांनी तिच्या प्रतिकृती विकल्या आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात मूळ वस्तू मांडली. आयर्लंडमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती, बोटी भरभरून लोक अमेरिकेला चालले होते, आणि अशा वेळी आपल्या मातीतून निघालेली ही वस्तू लोकांना स्वाभिमानाची खूण वाटली. पुढे आयोना बेटावर अलेक्झांडर आणि युफेमिया रिची या दांपत्याने तिथल्या दगडी क्रुसांवरील नक्षी चांदीत उतरवून यात्रेकरूंना विकली. जॉर्ज बेन या स्कॉटिश चित्रकला शिक्षकांनी ही नक्षी कशी आखावी याची पद्धत १९५१ साली पुस्तकरूपाने सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर हजारो हातांनी गाठी काढल्या आणि परदेशी गेलेल्या आयरिश व स्कॉटिश कुटुंबांच्या नातवंडांनी त्या विकत घेतल्या. ज्याला आपले मूळ गाव कधी दिसले नाही, त्याला त्या रेषेत ‘तुटली नाही’ एवढे वाक्य वाचायचे होते. हा अर्थ अडीच हजार वर्षांचा नाही, दीडएकशे वर्षांचा आहे, पण तो खोटा नाही; माणसांनी तो जगून मिळवलेला आहे. आपल्या सुनेच्या घरी आजीची अशी एखादी ब्रूच असेल, तर तिच्या अर्थाविषयी कार्डापेक्षा आजीला विचारावे.

माझ्यापुरते सांगायचे तर गाठीचा अर्थ तिच्या रचनेत आहे, आणि ती रचना मराठी माणसाला परकी नाही. ठिपक्यांची रांगोळी ज्यांनी काढली आहे, त्यांना बेन यांची पद्धत दोन मिनिटांत कळते: आधी ठिपके मांडायचे, त्यांच्यामधून तिरक्या रेषा नेऊन सलग वेणी आखायची, मग जिथे गाठ हवी तिथे छेद तोडून रेषा वळवायची. सगळ्या गाठी मुळात वेणीच असतात, ही गोष्ट रोमिली ॲलन यांनी स्कॉटलंडच्या शिळांचा अभ्यास करून १९०३ साली दाखवून दिली होती. दक्षिणेतील कोलम रांगोळीत ठिपक्यांभोवती जी अखंड रेषा फिरते, तिचे गणितही हेच आहे. चौकोनात उभे चार आणि आडवे पाच ठिपके घेऊन साधी वीण काढली तर ती एकाच रेषेची होते. चार आणि सहा घेतले तर दोन वेगळ्या रेषा होतात. दोन्ही संख्यांचा मसावि जितका, तितक्या रेषा. शाळेत शिकलेला मसावि इथे कामाला येतो.

हे मला एका चुकीने शिकवले. सुरुवातीच्या वर्षांत एका जोडप्यासाठी मी तिपेडी विणीची अंगठी केली आणि ‘आरंभ नाही, अंत नाही, एकच रेषा’ असे सांगून दिली. काही दिवसांनी ते परत आले. त्या मुलीने सुईचे टोक एका पेडावर ठेवून फिरवले होते आणि ते एकाच फेरीत निघाल्या जागी परत आले होते. बाकीच्या दोन पेडांना त्याचा स्पर्शही झाला नव्हता. मी प्रत्येक कडेला पंधरा वळणे घेतली होती. तीन पेड आणि पंधरा वळणे यांचा मसावि तीन, म्हणजे अंगठीत एक नव्हे तर तीन वेगळी बंद कडी एकमेकांत अडकलेली होती. दिसायला ती सुंदरच होती, पण मी जे सांगितले होते ते तिच्यात नव्हते. मी अंगठी परत घेतली आणि चौदा वळणांची नवी करून दिली. तिच्यात सुईचे टोक तीन फेऱ्या पूर्ण करून, प्रत्येक छेदातून दोनदा जाऊन, मगच सुरुवातीला पोहोचते. तेव्हापासून वळणे मोजल्याशिवाय मी तार बारीक करायच्या जंत्रीतही घालत नाही.

आता चांगले काम कसे ओळखायचे ते सांगतो. पहिली कसोटी वर-खालची. रेषेचा माग काढत जावे: ती एका छेदात वर असेल तर पुढच्यात खाली असायलाच हवी. सपाटीवर काढलेल्या कोणत्याही बंद रेषांच्या जाळ्यात हा क्रम शेवटपर्यंत पाळता येतो, हे गणिताने सिद्ध आहे, त्यामुळे कुठे दोनदा वर आली असेल तर ती नक्षीची अडचण नसून करणाऱ्याचे दुर्लक्ष आहे. दुसरी कसोटी खोलीची. स्वस्त ओतकामात छेदाच्या जागी नुसती ओरखड्यासारखी रेघ असते आणि तिच्यावर काळी झाक दिलेली असते; वर्षभर वापरल्यावर झाक उडते आणि गाठ सपाट होते. चांगल्या कामात खालची पट्टी छेदाकडे येताना उतरत जाते आणि पलीकडे पुन्हा चढते. नखाने हे कळते. जुन्या कारागिरांनीही ओतकाम भरपूर केले. स्कॉटलंडच्या सेंट निनियन बेटावर १९५८ साली लार्च लाकडाच्या पेटीत जो खजिना मिळाला, त्यातल्या बारा ब्रूच त्याची साक्ष देतात. तेव्हा ओतीव म्हणजे हलके, असे समजू नये. ओतल्यावर छिन्नीने किती काम केले आहे ते पाहावे.

आयर्लंडमध्ये घडवलेल्या वस्तूवर डब्लिनच्या ॲसे, म्हणजे धातूची शुद्धता तपासणाऱ्या, कार्यालयाचा छाप असतो. तिथल्या सोनारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली आणि मुकुटधारी वीणेचा छाप तेव्हापासून चालत आला आहे. तो धातूच्या शुद्धतेची हमी देतो, नक्षीच्या वयाची नव्हे.

अंगठीच्या मापाविषयी मात्र कोणी आधी सांगत नाही, आणि नंतर पस्तावा होतो. साधी अंगठी घट्ट झाली तर कापून तुकडा घालता येतो. संपूर्ण घेरावर वीण असलेली अंगठी कापली की रेषाच तुटते आणि जोडताना वळणांचे माप बिघडते. तळहाताच्या बाजूचा भाग साधा ठेवला तर पुढे माप बदलता येते, पण मग ती अखंड रेषा उरत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. म्हणून माप डब्लिनमध्येच, दोघांच्या हाताचे, थंडीच्या आणि उबेच्या अशा दोन वेगळ्या दिवशी घ्यावे. पुण्यातल्या मे महिन्यात घेतलेले माप तिकडच्या थंडीत सैल पडते.

कर्णफुलांसाठी ट्रिक्वेट्रा घेणार असाल तर एक बारकावा आहे. तीन छेदांच्या या गाठीचे डावे आणि उजवे असे दोन प्रकार असतात, आणि एकाला कितीही फिरवले, उलटे केले तरी त्याचे दुसरे होत नाही. जसा डाव्या पायाचा जोडा उजव्याचा होत नाही. एकाच साच्यातून दोन्ही फुले ओतली तर दोन्ही एकाच हाताची येतात. चेहऱ्याच्या दोन बाजूंना ती समोरासमोर आरशासारखी दिसावीत असे वाटत असेल, तर दोन साचे करायला सांगावे. बहुतेक ठिकाणी विचारल्याशिवाय करत नाहीत.

अंगठ्यांसाठी मी तिपेडी वीण सुचवतो. कार्डावरच्या कोणत्याही नावाची गाठ घेण्यापेक्षा ही साधी वेणी अधिक जुनी आहे, आणि तिच्यावर कोणी उसना अर्थ लादलेला नाही. सुनेच्या अंगठीचा आतला व्यास आपण सतरा मिलिमीटर कळवला आहे. पत्रा १.८ मिलिमीटर जाडीचा घेतला तर मधला घेर सुमारे ५९ मिलिमीटर येतो. त्यावर चौदा वळणे घेतली तर प्रत्येक वळण ४.२ मिलिमीटरचे होते. मुलाचा आतला व्यास वीस, म्हणून घेर साडेअडुसष्ट, आणि सोळा वळणे घेतली तर एक वळण ४.३ मिलिमीटरचे होते. दोन्ही अंगठ्या शेजारी ठेवल्या तर वीण एकाच हातची दिसेल. मधली संख्या पंधरा. ती कोणत्याही सोनाराने सोयीसाठी सुचवली तर नाही म्हणावे. सुनेच्या अंगठीत अठ्ठावीस छेद होतील आणि मुलाच्या अंगठीत बत्तीस. हातात आल्यावर टाचणीचे बोथट टोक एका पेडावर ठेवून तीन फेऱ्या फिरवून पाहावे. हे दोघांनी मिळून केले तर अधिक चांगले.